इंजेक्शनचं दूध आणि अकरा किलो

ताई, सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मिरजेहून डॅलसजवळच्या एका उपनगरात राहायला आलो. तेव्हा माझं वजन ५८ किलो होतं, आज ६९ आहे. उंची १५७ सेंटिमीटर. तळलेलं फारसं खात नाही, घरात पोळीभाजीच असते. चहा मात्र तीनदा लागतो आणि इथल्या दुधाने त्याला चव येत नाही, म्हणून इथल्या बाकीच्या बायकांसारखी मीही त्यात हाफ अँड हाफ घालते. सासूबाई फोनवर सारखं सांगतात, "तिकडचं दूध इंजेक्शनचं, कोंबड्या इंजेक्शनच्या, मांस इंजेक्शनचं. अंग फुगणारच." चार महिन्यांपूर्वी मी घाबरून घरातलं दूध, दही, पनीर बंद केलं. फक्त चहापुरतं ठेवलं. मुलीला बदामाचं दूध देते. हे म्हणतात ऑरगॅनिक आण, पण त्याची किंमत पाहून जीव दडपतो आणि त्यावरून आमचे खटके उडतात. हे स्वतः ऑफिसात बर्गर खातात, ते वेगळंच. इतकं करून माझं वजन एक किलोही उतरलं नाही.

खरी काळजी मुलीची आहे. ती साडेसात वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात अंघोळ घालताना तिच्या छातीत डाव्या बाजूला गाठीसारखं हाताला लागलं. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. तीन वर्षं मीच तिला रोज दोन कप दूध आग्रहाने पाजलं. माझ्यामुळे झालं का हे?

— मिरजेची लेक (नाव छापू नये)

प्रिय मिरजेच्या लेकी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या पत्रात सगळ्यात शेवटी जे आलं आहे ते आधी घेते, कारण वजनाचं बोलायला आपल्याला पुष्कळ वेळ आहे.

उद्या सकाळी मुलांच्या डॉक्टरांना फोन कर आणि या आठवड्यातली वेळ माग. मुलगी वयात येऊ लागते तेव्हा स्तनाग्राखाली लहानशी, कधी थोडी दुखरी गाठ हाताला लागते, आणि ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते. तुला जे लागलं ते तेच असण्याची शक्यता मोठी आहे. पण आठ वर्षं पूर्ण होण्याआधी ही सुरुवात दिसली तर डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. ते तिची उंची गेल्या दोन वर्षांत कशी वाढली ते बघतील, डाव्या हाताच्या मनगटाचा एक एक्स-रे काढतील, त्यावरून हाडांचं वय कळतं, आणि गरज वाटली तर रक्त तपासतील. पुष्कळ मुलींमध्ये एवढीच वाढ होऊन ती थांबते आणि पुढचं सगळं वेळेवर येतं. काहींमध्ये खरोखरच वयात येणं लवकर सुरू झालेलं असतं. त्यावर औषध आहे, ते ही घाई थांबवून धरतं, आणि ते वेळेत सुरू करणं महत्त्वाचं असतं. घरात कुणी हॉर्मोनचं मलम किंवा जेल लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. मुलांच्या अंगाला ते लागून असं झाल्याचे दाखले आहेत. आणि आज रात्री नवऱ्याला सांग. आठवडाभर तू हे एकटीने पोटात ठेवलंस, आता पुरे.

तुझ्यामुळे झालं का? नाही. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

माझे वडील गुरांचे डॉक्टर होते, कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी. लहानपणी मी त्यांच्या मागे गोठ्यागोठ्यांतून फिरले आहे. त्यामुळे तुझ्या सासूबाई "इंजेक्शनचं दूध" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं, हे मला नेमकं ठाऊक आहे. रेडकू दगावलं की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण ती ते सोडत नाही. मग कुणीतरी खिशातून छोटी बाटली काढतो, मानेवर सुई टोचतो आणि दोन मिनिटांत धार लागते. ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. रेडकू कासेला ढुशी देतं तेव्हा म्हशीच्या स्वतःच्या मेंदूतून जे संप्रेरक सुटतं, तेच. त्याने दूध जास्त तयार होत नाही, असलेलं खाली येतं. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांच्या दुधाची तुलना केली, तेव्हा ऑक्सिटोसिनच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक मिळाला नाही, आणि पचनात ते मोडून जातं असंही दिसलं. केंद्र सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये खाजगी कंपन्यांना हे औषध बनवायला मनाई केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं आणि बंदीला शास्त्रीय आधार पुरेसा नव्हता. म्हशीला रोज उठून सुई टोचणं ही मात्र क्रूरता आहे, आणि जनावराला अपाय होईल अशा रीतीने दुधासाठी इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. माझे वडील अशा माणसांशी गोठ्यात उभं राहून भांडत. पण ते भांडत म्हशीसाठी.

तू राहतेस तिथलं इंजेक्शन वेगळं. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

अमेरिकेतल्या गायीला दिलं जातं ते वाढीचं हॉर्मोन, आरबीएसटी. गायीच्या मेंदूतल्या ग्रंथीत जे मुळात तयार होतं तेच, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. मोन्सॅन्टो कंपनीच्या 'पोसिलॅक' या औषधाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी दिली आणि १९९४ च्या फेब्रुवारीत ते बाजारात आलं. गाय व्यायल्यानंतर दोनेक महिन्यांनी सुरू करून दर चौदा दिवसांनी टोचायचं. दूध साधारण १० ते १५ टक्के वाढतं. आता वाढीचं हॉर्मोन म्हटल्यावर आपल्याला वाटतं, गाय वाढते तसे आपणही वाढू. पण हे हॉर्मोन म्हणजे एक प्रथिन आहे. तोंडावाटे गेलं की डाळीतलं प्रथिन जसं पचतं तसं पचतं. आणि समजा, न पचता रक्तात शिरलंच, तरी माणसाच्या शरीरात गायीचं वाढीचं हॉर्मोन काम करत नाही. हे कुणी कागदावर मांडलेलं अनुमान नाही. १९५० च्या दशकात, उंची न वाढणाऱ्या मुलांना डॉक्टरांनी खरोखरच गायीच्या ग्रंथीतून काढलेलं हॉर्मोन टोचून पाहिलं होतं. मुलं वाढली नाहीत. मग मृत माणसांच्या ग्रंथींतून ते काढावं लागलं, तेव्हा कुठे गुण आला.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला कळली तेव्हा आश्चर्य वाटलं होतं: वाढीचं हॉर्मोन चरबी वाढवत नाही, चरबी वितळवतं. ज्या मोठ्या माणसांत ते कमी पडतं त्यांच्या पोटावर चरबी साठते. गायीतही तेच होतं. इंजेक्शननंतर ती अंगावरची चरबी दुधाकडे वळवते. म्हणजे एखाद्याच्या शरीरात ते खरोखर शिरून काम करायला लागलंच असतं, तरी अकरा किलो चरबीचा हिशेब त्यातून लागला नसता.

एक शंका मात्र खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. इंजेक्शन दिलेल्या गायीच्या दुधात आयजीएफ-१ नावाचं दुसरं एक संप्रेरक थोडं वाढतं, आणि ते गायीत आणि माणसात हुबेहूब सारखं असतं. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला तो यावर. पण आपलं शरीर स्वतः रोज जेवढं आयजीएफ-१ बनवतं त्यापुढे कपभर दुधातलं प्रमाण फार किरकोळ आहे. नियमित दूध पिणाऱ्या माणसांच्या रक्तात ते किंचित जास्त सापडतं हे खरं, पण ते कुठलंही दूध पिणाऱ्यांत सापडतं, इंजेक्शनचं असो वा नसो. मिरजेच्या गवळ्याकडचंसुद्धा.

मग कॅनडाने १९९९ मध्ये या औषधाला परवानगी का नाकारली, युरोपने कायमची बंदी का घातली? फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये हे वाक्य असतंच, आणि ते खरं आहे. पण त्यांच्या निर्णयाचं मुख्य कारण होतं गाय. कॅनडातल्या पशुवैद्यांच्या समितीला दिसलं की अशा गायींमध्ये कासदाहाचा, म्हणजे आपल्याकडे गोठ्यात ज्याला दगडी म्हणतात त्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी वाढतो आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत. दगडी झालेली गाय मी पाहिली आहे. कास तापलेली, दगडासारखी टणक, हात लावू देत नाही, डोळ्यांतून पाणी. दिवसाला दोनचार लिटर जास्त मिळावेत म्हणून निरोगी जनावराला या वाटेला लावणं मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. दगडी झाली की प्रतिजैविकं आली, आणि तो प्रश्न पुन्हा माणसांपर्यंत येतो, कारण जिवाणू त्या औषधांना सरावतात. हे दूध टाळायचं असेल तर या कारणासाठी टाळ. मी स्वतः टाळते.

आणि त्यासाठी तुला ऑरगॅनिकची किंमत मोजायची गरजच नाही. लोकांनी मागणी लावून धरली आणि २००८ च्या सुमारास वॉलमार्ट, क्रोगरसारख्या दुकानांच्या मोठ्या साखळ्यांनी आपल्या नावाचं दूध आरबीएसटी न दिलेल्या गायींचंच घ्यायला सुरुवात केली. २००७ मध्येही अमेरिकेतल्या साधारण १७ टक्के गायींनाच ते दिलं जात होतं, पुढे त्याहून कमी झालं. दुकानात साध्या गॅलनच्या बाटलीवर बारीक अक्षरात बघ, आरबीएसटी न दिलेल्या गायींचं दूध असं लिहिलेलं बहुतेक ठिकाणी सापडेल. तुमच्या घरातला एक वाद तिथेच मिटावा.

कोंबडीचं तर आणखी सोपं आहे. अमेरिकेत कोंबड्यांना आणि डुकरांना वाढीसाठी कोणतंही हॉर्मोन द्यायला परवानगीच नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात "हॉर्मोन्स नाहीत" छापून जास्त पैसे घेतात, त्याच्याच खाली कायद्याने लिहावं लागतं की सरकारी नियमांनुसार कोंबड्यांना हॉर्मोन देण्यास मनाईच आहे. ती खालची ओळ वाच. मग पक्षी सहा आठवड्यांत एवढा थोराड कसा होतो? पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ चा, १९७८ चा आणि २००५ चा असे तीन काळांतले कोंबड्यांचे वाण एकत्र वाढवले, तिघांना एकच खाद्य दिलं, हॉर्मोन कुणालाच नाही. छप्पन्न दिवसांनी पहिला भरला ९०५ ग्रॅम, दुसरा १,८०८ आणि तिसरा ४,२०२. पन्नास वर्षं दर पिढीतले सगळ्यात भराभर वाढणारे पक्षी निवडत गेल्याचा हा परिणाम. आपल्याकडच्या ब्रॉयलरच्या शेडमध्येही हेच वाण असतात. त्या पक्ष्याला स्वतःचं वजन पायांवर पेलत नाही, ते बघवत नाही. पण त्याच्या मांसातून ते वजन तुझ्या अंगावर चढत नाही.

राहिलं गोमांस, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा बर्गर. इथे मात्र हॉर्मोन खरोखर आहेत. अमेरिकेत गुरांसाठी सहा हॉर्मोनना परवानगी आहे: तीन निसर्गातलीच, इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन, आणि तीन बनवलेली. खच्ची केलेल्या गोऱ्ह्याच्या किंवा कालवडीच्या कानामागच्या कातडीखाली बारीक गोळ्या बसवतात, त्यातून औषध हळूहळू झिरपतं. एक प्रकार खाद्यातून देतात. तेवढ्याच चाऱ्यात मांस जास्त भरतं, आणि तेही कमी चरबीचं. युरोपने असं मांस १९८९ पासून आत घेतलेलं नाही आणि त्यावरून अमेरिकेशी जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षं भांडण चाललं.

ही बहुतेक स्टिरॉइड हॉर्मोन आहेत, प्रथिनासारखी ती पोटात पचून संपत नाहीत, म्हणून इथे प्रमाण बघावं लागतं. गोळी बसवलेल्या जनावराच्या ८५ ग्रॅम मांसात इस्ट्रोजेन साधारण २ नॅनोग्रॅम भरतं, न बसवलेल्याच्या मांसात सव्वाच्या आसपास. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये इस्ट्राडायोलची रोजची मर्यादा दर किलो वजनाला ५० नॅनोग्रॅम ठरवली. तुझ्या मुलीचं वजन २५ किलो धरलं तर १,२५० नॅनोग्रॅम. युरोपीय तज्ज्ञांचं यावर म्हणणं असं की वयात न आलेल्या मुलांच्या रक्तात इस्ट्रोजेन पूर्वी समजत होतो त्याहून खूपच कमी असतं, म्हणून मुलांच्या बाबतीत ही मर्यादा सैल आहे. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणून लहान मुलांना रोज बर्गर देऊ नये असं मी सांगते. पण तुझी मुलगी बर्गर खात नाही, ती दूध प्यायची. तिच्या कपात या गोळ्यांचा काही संबंध नव्हता.

सासूबाईंच्या भीतीला वेडेपणा मात्र म्हणू नकोस. तिच्यामागे खरा इतिहास आहे. डीईएस नावाचं एक कृत्रिम इस्ट्रोजेन होतं. १९४७ पासून अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत त्याच्या गोळ्या बसवत, १९५४ पासून गुरांच्या खाद्यात मिसळत, आणि गर्भपात होऊ नये म्हणून गरोदर बायकांनाही तेच देत. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं की पोटात असताना ज्या मुलींना ते मिळालं, त्यांच्यात ऐन तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतोय. कोंबड्यांतलं १९५९ मध्ये बंद झालं होतं. गुरांतलं बंद व्हायला १९७९ उजाडलं. आठ वर्षं. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी पुढच्या प्रत्येक औषधाकडे संशयाने बघितलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण वजनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याच्याकडे देशांचे आकडे समोर ठेवून बघता येतं. अमेरिकेत १९७६ ते ८० या काळात मोठ्या माणसांतले साधारण १५ टक्के लठ्ठ होते. १९८८ ते ९४ मध्ये ते २३ टक्के झाले. दुधासाठीचं इंजेक्शन बाजारात आलं ते १९९४ मध्ये. म्हणजे वजनाचा काटा त्याच्या आधीच हलला होता. २०१७-१८ मध्ये हा आकडा ४२ टक्के झाला. याच काळात माणशी गोमांस कमी होत गेलं, त्याचा उच्चांक १९७६ मधला, आणि प्यायचं दूधही कमी झालं. आता इंग्लंड बघ. तिथे ही इंजेक्शनं नाहीत, कानातल्या गोळ्या नाहीत, तसलं मांस १९८९ पासून येत नाही. तरी तिथले लठ्ठ १९९३ मध्ये १५ टक्के होते ते २०१९ मध्ये २८ टक्के झाले. हॉर्मोन हे कारण असतं तर इंग्लंड वाचायला हवं होतं.

मग तुझे अकरा किलो कुठून आले? तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. हाफ अँड हाफ.

मिरजेला तुम्ही म्हशीचं दूध घेत असणार. त्यात साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो. अमेरिकेतलं 'होल मिल्क' सव्वातीन टक्क्यांचं, म्हणून त्याचा चहा पाणचट लागतो, तुझी जीभ खोटं बोलत नाही. पण हाफ अँड हाफ म्हणजे निम्मं दूध आणि निम्मी साय. त्यात स्निग्धांश किमान साडेदहा टक्के. शंभर मिलिलिटरला सुमारे १३० कॅलरी. शिवाय मिरजेला होता कप, डॅलसला झाला मोठा मग. मिरजेला पन्नास मिलिलिटर म्हशीचं दूध घालत असशील तर तीन चहांचे दीडशे कॅलरी. डॅलसला मगभर चहात शंभर मिलिलिटर गेलं तर तीन चहांचे ३९०. रोजचा फरक २४०, साखर सोडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल यांनी २०११ मध्ये एक हिशेब मांडला: रोज चोवीस कॅलरी कायम जास्त गेल्या की वजन शेवटी साधारण एक किलोने वाढतं, निम्मं पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळं तीन वर्षांत. तुझी तीन वर्षं आणि अकरा किलो म्हणजे रोजचे २६५. मी काही तुझ्या ओट्यावर मापटं घेऊन उभी नाही, माप तू घे. पण दूध, दही, पनीर सगळं सोडून जे एकटं ठेवलंस, तेच बघायचं राहून गेलं.

दुसरं, चालणं. मिरजेत तू मंडईत, बँकेत, मुलीच्या शाळेत पायी जात असशील, ते व्यायाम म्हणून मोजलंही नसशील. डॅलसच्या उपनगरात कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढावी लागते. उन्हाळ्यात ४० अंश, कित्येक रस्त्यांना कडेला पायवाटच नाही. हे तुझ्या आळसाचं लक्षण नाही, ते गावच गाडीसाठी बांधलेलं आहे.

तिसरं, पाकिटातलं. घरात पोळीभाजी असते म्हणतेस, पण फ्रोझन पराठे, न्याहारीचं सीरियल, डब्यातले ग्रॅनोला बार, ते गोड केलेलं बदामाचं दूध? याच हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसांना चार आठवडे आपल्या संस्थेत ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं, दोन्हींत साखर, मीठ, स्निग्धांश सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातल्या खाण्यावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. भूक तीच होती, माणसंही तीच.

आणि एक गोष्ट आपल्या हाडामांसाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. आपण बारीक दिसतो तेव्हाही आत चरबी जास्त बाळगतो आणि मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ वर नाही, २३ वर आहे. तुझा आता २८ आहे. मिरजेहून निघालीस तेव्हाही तो साडेतेवीस होता. कमरेचा घेर मोज. बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवा. मुलीच्या डॉक्टरांकडे जाशील त्याच आठवड्यात स्वतःचीही वेळ घे आणि थायरॉईड, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. पाळी पुढेमागे होत असेल तर तेही सांग. इथे तुझ्या स्वतःच्या शरीरातली हॉर्मोन महत्त्वाची, गायीची नाहीत.

मुलीचं दूध आजपासून परत सुरू कर. चार ते आठ वर्षांच्या मुलांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, नवव्या वर्षापासून १,३००. कपभर दुधात सुमारे ३०० मिळतं आणि ८ ग्रॅम प्रथिनं. बदामाच्या दुधात प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. घरात मांस नसेल तर बी-१२ चाही तोच मोठा आधार. दोन टक्क्यांचं साधं दूध आण, एक कप तिला प्यायला, बाकीचं विरजण लाव. आठवड्यातून दोनतीनदा नाचणीची आंबील किंवा भाकरी कर. डॉक्टर मुलीबद्दल काहीही म्हणोत, त्यातलं काही बंद करावं लागेल असं मला वाटत नाही. तरी त्यांना विचार. आणि तिच्यासमोर वजन, जाडी हे शब्द काही दिवस नकोत, छातीतल्या गाठीबद्दल घाबऱ्या आवाजात बोलणं तर नकोच. "तू मोठी होते आहेस, डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत," एवढं तिला पुरे.

चहासाठी: होल मिल्क मंद आचेवर आटवून बघ. निम्मं आटलं की ते म्हशीच्या दुधाच्या जवळ जातं. कप मात्र मिरजेचा वापर, सामानात आणला असशीलच. तिसरा चहा चारनंतर घेत असशील तर तो सोड, झोप सुधारेल.

नवऱ्याच्या बर्गरवरून भांडू नकोस. बर्गरबरोबरचे तळलेले बटाटे आणि कोक आधी सुटू दे, मग बर्गर आठवड्यातून एकावर येऊ दे. रोज डबा भरून दिलास तर निम्मं काम होईल, पण तो भरायला त्यानेही सकाळी ओट्यापाशी उभं राहावं, हे माझ्या नावाने सांग.

सासूबाईंना फोन करशील तेव्हा त्यांना पान्ह्याबद्दल विचार. त्यांनी ते कुठे पाहिलं, म्हैस कुणाची होती. त्यांच्या त्या म्हशीबद्दलच्या बोलण्यात काहीच खोटं नाही, आणि त्या तुझ्या मुलीसाठी घाबरल्या आहेत. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर त्यांनाही सांग, आधी नको.

हाडाच्या एक्स-रेचा निकाल आला की मला दोन ओळी टाक.

तुझी,
ताई